जयपूरचे बाजार आणि संघटित दुकानचोरी

जयपूरच्या बडी चौपडपासून सांगानेरी दरवाजापर्यंत जाणाऱ्या जोहरी बाजारात धनत्रयोदशीच्या आठवड्यात पाऊल ठेवायला जागा नसते. सराफी पेढ्या, साड्यांची दुकाने आणि आजूबाजूच्या गल्ल्या ग्राहकांनी फुललेल्या असतात. अशा दिवशी रात्री दुकान बंद करताना दागिन्यांच्या ट्रेची मोजणी होते आणि एखादी अंगठी कमी भरते. ती केव्हा गेली, कोणी नेली, हे त्या गर्दीत कोणाच्याच ध्यानात आलेले नसते. पहिला प्रश्न मात्र ठरलेला असतो. हा ट्रे कोणाच्या ताब्यात होता? ज्याच्या ताब्यात होता त्या नोकराच्या पगारातून पुढे कित्येक महिने अंगठीची किंमत वळती होत राहते. दुसऱ्या दिवसापासून दुकानात येणाऱ्या अनोळखी ग्राहकाकडेही संशयाने पाहिले जाते.

दुकानचोरीची झळ अशी तिघांना बसते. मालकाचे नुकसान वहीत दिसते. विक्रेत्याचे आणि ग्राहकाचे नुकसान बहुधा कोठेच नोंदले जात नाही.

दुकानात ग्राहक म्हणून शिरून माल लांबवणे हा प्रकार बाजाराइतकाच जुना आहे. मोहापायी एखादी वस्तू पिशवीत टाकणारा माणूस आणि कामे वाटून घेऊन, माल खपवण्याची सोय आधीच करून दुकानात शिरणारी टोळी यांत मात्र फरक केला जातो. टोळीला वस्तू वापरायची नसते, ती विकायची असते. म्हणूनच संघटित दुकानचोरीत माल उचलणाऱ्या हाताइतकाच तो माल विकत घेणारा हातही महत्त्वाचा ठरतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने या गुन्ह्याला देशाच्या दंडविधानात प्रथमच नाव दिले. त्याआधीच्या १८६० च्या भारतीय दंड संहितेत चोरी होती, घरातील किंवा माल ठेवण्याच्या इमारतीतील चोरी होती, नोकराने केलेली चोरी होती. पण दुकानचोरी हा शब्द नव्हता.

बाजाराची रचना

सवाई जयसिंह दुसरे यांनी १७२७ मध्ये वसवलेले जयपूर हे मुळातच व्यापारासाठी आखलेले शहर आहे. रुंद सरळ रस्ते, ते एकमेकांना छेदतात तेथे चौपडी आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना एकसारखी दुकाने, ही त्याची ओळख. २०१९ मध्ये युनेस्कोने या परकोट्यातील शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला. दुकानांपुढून सलग वरांडा जातो. ऊन आणि पाऊस टाळून ग्राहक एका दुकानातून दुसऱ्या दुकानात सहज जाऊ शकतो, आणि माल उचललेला माणूसही तितक्याच सहजपणे दिसेनासा होतो. बहुतेक जुन्या दुकानांचा दर्शनी भाग पूर्ण उघडा असतो. मॉलमध्ये दारापाशी वाजणारे इलेक्ट्रॉनिक फाटक असते, तसले काही बापू बाजारातील मोजडीच्या किंवा सांगानेरी छापाच्या दुकानात बसवावे म्हटले तरी ते बसणार कोठे, हा प्रश्नच आहे.

जुन्या बाजाराची खरी सुरक्षा ओळखीवर उभी राहिली. गादीवर बसलेला मालक, दोन-तीन पिढ्यांचे गिऱ्हाईक आणि समोरच्या दुकानातून इकडे असलेले लक्ष, एवढ्यावर बाजार चालत असे. गोपालजी का रास्ता या गल्लीत रत्नांचा व्यवहार आजही बऱ्याच अंशी शब्दावर चालतो. कागदाच्या पुड्यांतून पाचू आणि माणिक एका हातातून दुसऱ्या हातात जातात. पसंतीसाठी माल सोपवण्याच्या पद्धतीला या व्यापारात 'जांगड' म्हणतात. तेथे पावती असलीच तर एखाद्या चिठोऱ्याएवढी. पर्यटकांची वर्दळ वाढली, मालवीय नगर आणि जवाहरलाल नेहरू मार्गाकडे मोठी व्यापारी संकुले उभी राहिली, तसा अनोळखी ग्राहक हाच नियम झाला. जुन्या पेढ्यांवर आता कॅमेरे आहेत आणि शहरातील रस्त्यांवरचे कॅमेरे राज्य सरकारच्या 'अभय' नियंत्रण केंद्राला जोडलेले आहेत. माल दाखवण्याची रीत मात्र अजूनही जुन्या विश्वासाचीच आहे. गिऱ्हाइकाने मागितले की एकामागून एक डबे उघडायचे, साड्यांचा ढीग घालायचा. हे आतिथ्यच टोळीच्या पथ्यावर पडते.

टोळीची पद्धत

दुकानचोरीची रीत जगभर साधारण सारखीच असते. तीन-चार जण काही मिनिटांच्या अंतराने, एकमेकांना ओळखत नसल्यासारखे आत येतात. एक जण भारी माल काढायला लावतो, दुसरा दराबद्दल हुज्जत घालतो, तिसरा पाणी मागतो किंवा मूल रडते. विक्रेत्याची मान वळते तेवढ्यात वस्तू हातातून हातात जाते. ज्याने ती उचलली तो ती बाळगत नाही. झडती झालीच तर त्याच्याजवळ काही सापडू नये, अशी ही व्यवस्था असते. दागिन्यांच्या दुकानात अदलाबदलीचा प्रकारही चालतो. खऱ्या अंगठीच्या जागी तशाच घडणीची बनावट अंगठी ट्रेमध्ये ठेवली जाते. त्यामुळे मोजणीत काही कमी पडत नाही आणि चोरी कित्येक दिवसांनी उघडकीस येते. कपड्यांच्या मोठ्या दालनांत आतून धातूच्या पातळ पत्र्याचे अस्तर लावलेल्या पिशव्या वापरल्या जातात. त्यामुळे मालावरच्या टॅगचा संदेश दारातील यंत्रापर्यंत पोचत नाही.

अशी टोळी एका शहरात फार काळ थांबत नाही. सणासुदीला किंवा लग्नसराईत येते, दोन-तीन दिवसांत अनेक दुकाने करते आणि दुसऱ्या राज्यात निघून जाते. एका पोलीस ठाण्याच्या वहीत ती एक किरकोळ चोरी असते. दहा ठाण्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्या तरच टोळीचा माग लागतो. यासाठी २००९ मध्ये मंजूर झालेल्या सीसीटीएनएस या संगणकीय जाळ्याने देशभरातील ठाणी जोडण्याचे काम केले. पण मुळात तक्रारच नोंदवली गेली नाही, तर जोडायला काही उरत नाही. कोर्टाच्या फेऱ्या आणि जप्त माल अडकून पडण्याची भीती यांमुळे अनेक दुकानदार तक्रार देत नाहीत.

राजस्थानात २०१९ मध्ये ठाण्याने गुन्हा नोंदवून घेण्यास नकार दिल्यास पोलीस अधीक्षक कार्यालयात तो नोंदवण्याची सोय करण्यात आली. त्यानंतर राज्यातील गुन्ह्यांचे आकडे वाढलेले दिसले. नोंद वाढली की आकडा वाढतो. गुन्हे वाढले आणि नोंद वाढली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बातमी वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

कलम ११२ आणि पाच हजारांची रेषा

भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये 'लहान संघटित गुन्हा' ही नवी संज्ञा आली आहे. एखाद्या गटाच्या किंवा टोळीच्या सदस्याने एकट्याने किंवा मिळून चोरी, हिसकावणी, फसवणूक, तिकिटांची बेकायदा विक्री, सट्टा, प्रश्नपत्रिकांची विक्री असे कृत्य केले, तर ते या कलमाखाली येते. चोरीच्या स्पष्टीकरणात हातचलाखीची चोरी, व्यापारी जागेतील चोरी, मालवाहतुकीतील चोरी, खिसेकापूपणा यांबरोबर दुकानचोरीचाही उल्लेख आहे. शिक्षा किमान एक वर्ष, कमाल सात वर्षे कारावास आणि दंड. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडलेल्या पहिल्या मसुद्यात या तरतुदीची सुरुवात 'नागरिकांमध्ये असुरक्षिततेची सर्वसाधारण भावना' निर्माण करणाऱ्या गुन्ह्यांच्या उल्लेखाने होत होती. हे शब्द फार मोघम असल्याची टीका झाली आणि डिसेंबर २०२३ मध्ये संमत झालेल्या कायद्यात ते राहिले नाहीत. तरीही एक मोघमपणा उरला. 'गट' किंवा 'टोळी' म्हणजे किती माणसे, हे कलमात सांगितलेले नाही. दरोड्यासाठी पाच ही संख्या कायद्याने पूर्वीपासून ठरवून दिली आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्यात, म्हणजे मोक्कात, तसेच न्याय संहितेच्या कलम १११ मध्ये मागील दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रे दाखल झालेली असण्याची अट आहे. कलम ११२ मध्ये तशी अट नाही. राजस्थान विधानसभेनेही जुलै २०२३ मध्ये मोक्काच्या धर्तीवर स्वतंत्र विधेयक संमत केले होते. त्याचा रोख खंडणी, सुपारी हत्या अशा मोठ्या टोळ्यांवर होता. दुकानचोरीच्या खटल्यात पोलिसांच्या हाताशी येणारे कलम हे ११२ च.

याच संहितेने दुसऱ्या बाजूला सौम्यतेचीही एक वाट ठेवली आहे. चोरलेल्या मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपीचा हा पहिलाच गुन्हा असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर कलम ३०३ नुसार त्याला समाजसेवेची शिक्षा दिली जाते. अशी चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. दुकान ही माल ठेवण्याची इमारत मानून कलम ३०५ लावले, तर सात वर्षांपर्यंतची शिक्षा आणि अजामीनपात्र गुन्हा, असे चित्र पूर्ण पालटते.

दोन तरुणांनी मिळून दुकानातून हजार रुपयांचा शर्ट नेला तर काय? कलम ३०३ लावले तर समाजसेवा, ११२ लावले तर किमान एक वर्ष तुरुंग. यातले काय घडेल हे प्रथम ठरते ते ठाण्यात, गुन्हा नोंदवून घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या लेखणीने. टोळीचा संबंध पुराव्याने सिद्ध करण्याचा भार न्यायालयात फिर्यादी पक्षावर असतोच, पण तोवर जामिनाचा प्रश्न आरोपीला भोवलेला असतो.

किमतीच्या रेषेचा अनुभव ब्रिटनने घेतला आहे. तेथे २०१४ च्या कायद्याने २०० पौंडांपर्यंतची दुकानचोरी किरकोळ खटल्यांत टाकली. पोलीस अशा चोरीकडे लक्ष देत नाहीत असा समज त्यामुळे पसरल्याची तक्रार दुकानदार आणि कामगार संघटना करीत आल्या. इंग्लंड व वेल्समध्ये मार्च २०२५ अखेरच्या वर्षात पोलिसांकडे दुकानचोरीच्या ५ लाख ३० हजारांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या. ही रेषा पुसून टाकण्याची तरतूद असलेले विधेयक २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेत मांडण्यात आले. भारताने आपली पाच हजारांची रेषा त्याच्या आदल्याच वर्षी आखली. ती आखताना टोळ्यांसाठी वेगळे कलम ठेवले हे खरे, मात्र त्या दोहोंमधली हद्द पुसट राहिली.

या चर्चेत एक जुनी जखमही आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रज सरकारने अनेक जमातींना जन्मतःच चोर ठरवले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. तरी राजस्थानातील सांसी, कंजर किंवा महाराष्ट्रातील पारधी, उचल्या या समाजांचा संशयितांच्या यादीतील क्रमांक अजूनही पहिला असतो. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' या आत्मकथनाला १९८८ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा मराठी वाचकांना हे जगणे आतून दिसले. टोळीला जातीचे नाव देण्याची वर्तमानपत्री सवय त्यानंतरही गेली नाही. 'गट किंवा टोळी' या शब्दांना संख्येची मर्यादा नसेल, तर एकाच वस्तीत राहणारे नातेवाईक ही आपोआप टोळी ठरण्याची भीती उरते.

तूट किती, चोरी किती

व्यापारात हिशेबी साठा आणि प्रत्यक्ष साठा यांतील फरकाला तूट म्हणतात. ब्रिटनमधील 'सेंटर फॉर रिटेल रिसर्च' या संस्थेच्या जागतिक पाहणीत २०११ मध्ये भारतातील किरकोळ विक्री क्षेत्राची तूट विक्रीच्या २.३८ टक्के असल्याचे म्हटले होते. पाहणीतील देशांत ती सर्वाधिक होती आणि जागतिक सरासरी १.४५ टक्के होती. २००९ आणि २०१० च्या पाहण्यांतही भारत अग्रस्थानी होता. हे आकडे त्यानंतर वर्षानुवर्षे उद्धृत होत राहिले. पाहणीला अर्थसाहाय्य देणारी कंपनी चोरीविरोधी टॅग आणि यंत्रे विकणारी होती, हे बहुतेक वेळा सांगायचे राहून गेले.

तूट म्हणजे सगळी चोरी नव्हे. तीत बाहेरच्यांनी केलेली चोरी, नोकरांनी केलेली चोरी, पुरवठादाराने कमी दिलेला माल, चुकीची नोंद, फुटतूट असे सारे मिसळलेले असते. अमेरिकेत याच गोंधळाची जाहीर कबुली द्यावी लागली. २०२१ मधील ९४.५ अब्ज डॉलरच्या तुटीपैकी जवळपास निम्मी संघटित टोळ्यांमुळे झाली, असा दावा तेथील राष्ट्रीय किरकोळ विक्रेता महासंघाने २०२३ मध्ये केला होता. त्याला आधार नसल्याचे दिसून आल्यावर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो मागे घेण्यात आला. जयपूरच्या एखाद्या कापड दुकानात वर्षअखेरीस दहा साड्या कमी भरल्या, तर त्या टोळीने नेल्या की गोदामातून आल्याच नव्हत्या, हे दररोजची नोंद असल्याशिवाय कळणार नाही. आणि जेथे कळत नाही तेथे दोष विक्रेत्यावर जातो.

पगारातून कपात

मालाची किंमत नोकराच्या पगारातून वळती करण्याची रीत लहान दुकानांत इतकी रुळलेली आहे की ती बेकायदा ठरू शकते याची कल्पना अनेक मालकांनाही नसते. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने यावर बंधने घातली होती. त्याची जागा घेणारी २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. हरवलेल्या मालाबद्दल कपात करायची तर तो माल त्या कामगाराच्या स्वाधीन स्पष्टपणे केलेला असला पाहिजे आणि नुकसान थेट त्याच्या निष्काळजीपणामुळे किंवा कसुरीमुळे झालेले असले पाहिजे, असे हा कायदा सांगतो. कामगाराला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. कपात नुकसानीपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि सर्व प्रकारची कपात मिळून वेतनाच्या निम्म्यावर जाता कामा नये.

या कसोट्या लावल्या तर चार विक्रेते मिळून सांभाळत असलेल्या काउंटरवरील चोरीची रक्कम चौघांत वाटून घेणे टिकत नाही. माल कोणा एकाच्या स्वाधीन नव्हता. टोळीने ठरवून लक्ष विचलित केले असेल, तर त्याला कामगाराची कसूर म्हणणेही कठीण. प्रत्यक्षात मात्र महिन्याच्या पगारावर घर चालवणारा विक्रेता वाद घालत नाही. नोकरी गेली तर शेजारच्या पेढीवर 'याच्या हातून माल गेला होता' ही ओळख आधी पोचलेली असते.

दुसरा प्रश्न जिवाचा. चोराला अडवणे हे विक्रेत्याचे काम आहे का? मोठ्या साखळी दुकानांच्या प्रशिक्षणात पाठलाग करू नका, दार अडवू नका, चेहरा व वाहन ध्यानात ठेवा आणि ११२ क्रमांकावर कळवा, असे शिकवले जाते. लहान दुकानात असे काही सांगितलेले नसते. उलट धावून चोर पकडणाऱ्याचे कौतुक होते. चोरीसाठी इजा किंवा मृत्यू घडवण्याच्या तयारीनिशी आलेल्यांना न्याय संहितेच्या कलम ३०७ नुसार दहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, यावरून अशा प्रसंगी किती धोका असतो याची कल्पना यावी. कामाच्या ओघात इजा झाल्यास सामाजिक सुरक्षा संहितेखाली भरपाई मागता येते. मात्र दुकानातील कामगारांवरील हल्ला हा वेगळा गुन्हा भारतात नाही. स्कॉटलंडने २०२१ मध्ये असा स्वतंत्र कायदा केला.

दारावरच्या रखवालदाराची स्थिती आणखी अवघड आहे. २००५ च्या खासगी सुरक्षा संस्था नियमन कायद्याने संस्थेला परवाना आणि रखवालदाराला प्रशिक्षण सक्तीचे केले. गणवेशामुळे तो पोलीस वाटतो, अधिकार मात्र त्याला कोणत्याही सामान्य नागरिकाइतकेच असतात.

संशयित ग्राहक

ते अधिकार किती, हे ग्राहकालाही ठाऊक असायला हवे. आपल्या समक्ष अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला कोणीही नागरिक पकडू शकतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार त्याला विनाविलंब, उशिरात उशिरा सहा तासांत पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. 'समक्ष' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. केवळ संशयावरून कोणाला मागच्या खोलीत बसवून ठेवले, तर तो बेकायदा अटकावाचा गुन्हा ठरू शकतो. दुकानातील कर्मचाऱ्याला कोणाच्या अंगाची झडती घेण्याचा अधिकार नाही. अटक झालेल्या स्त्रीची झडती पोलिसांनाही स्त्रीकडूनच आणि सभ्यतेची मर्यादा राखून घ्यावी लागते.

'चोरी करताना सापडल्यास दहापट दंड' अशा पाट्या अनेक शहरांतील दुकानांत दिसतात. असा दंड वसूल करण्याचा अधिकार कोणत्याही कायद्याने दुकानदाराला दिलेला नाही. पकडलेल्याला मारहाण करणे, त्याचे चित्रण करून मोबाइलवर फिरवणे हे उलट दुकानदारावरच शेकू शकते. पकडलेले मूल अठरा वर्षांखालील असेल, तर त्याची ओळख उघड करणे हाच २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली गुन्हा आहे. कॅमेऱ्यातील चित्रण पोलिसांना देणे वेगळे आणि व्यापाऱ्यांच्या गटावर 'या बायकांपासून सावध' म्हणून पाठवणे वेगळे.

माल जातो कोठे

चोरीचा माल घेणारा सापडला नाही, तर पकडलेल्या चोराच्या जागी दुसरा येतो. न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत, आणि तोच धंदा करणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेपेची शिक्षा आहे. चोराला मिळू शकणाऱ्या शिक्षेहून ती कडक आहे, तरी बातम्यांत जागा चोरालाच मिळते.

सोन्याच्या बाबतीत हा दुवा मराठी माणसाच्या परिचयाचा आहे. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातून बाहेर पडलेले गलाई व्यावसायिक देशभरातील सराफ बाजारांत सोने-चांदी गाळण्याचे काम करतात. एकदा मुशीत गेलेल्या दागिन्याची ओळख पुसली जाते. त्यामुळे चोराने नाव घेतले की पोलीस सराफाच्या किंवा गाळणाऱ्याच्या दारात येतात आणि जुन्या ४११ कलमाच्या, म्हणजे आताच्या ३१७ च्या, धाकाने निर्दोष माणूसही भरडला जातो, ही सराफ संघटनांची जुनी तक्रार आहे. माल चोरीचा आहे हे 'ठाऊक असणे किंवा तसे मानण्यास कारण असणे' ही कायद्यातील अट आहे. विकणाऱ्याचे ओळखपत्र, वजन, छायाचित्र आणि बँकेमार्फत दिलेली रक्कम अशी नोंद ठेवणाऱ्याला ती ढालीसारखी उपयोगी पडते.

ग्राहकाच्या हातीही काही साधने आली आहेत. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क असलेल्या सोन्याच्या दागिन्यांवर सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी असल्याशिवाय त्यांची विक्री करता येत नाही. तो क्रमांक 'बीआयएस केअर' या ॲपवर टाकला की दागिना कोणत्या शुद्धतेचा आणि कोणत्या सराफाने नोंदवलेला, हे दिसते. रत्नांना असा क्रमांक कोरलेला नसतो. पाचू पुन्हा पैलू पाडून वेगळा करता येतो. म्हणून मौल्यवान खड्याबरोबर प्रयोगशाळेचे वजन-मापांसह प्रमाणपत्र घेणे आणि ते जपणे उपयोगाचे. मोबाइलच्या दुकानांतून गेलेल्या फोनांसाठी दूरसंचार विभागाची सीईआयआर यंत्रणा आहे. तिची सुरुवात सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईतून झाली आणि मे २०२३ मध्ये 'संचार साथी' संकेतस्थळाद्वारे ती देशभर खुली झाली. जुना फोन घेण्याआधी तारांकित-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून त्याचा आयएमईआय क्रमांक पाहावा आणि तो या संकेतस्थळावर तपासावा.

ऑनलाइन बाजाराने चोरीच्या मालाला नवे गिऱ्हाईक मिळवून दिले. अमेरिकेत जून २०२३ पासून लागू झालेल्या कायद्याने मोठ्या प्रमाणावर नवा माल विकणाऱ्या त्रयस्थ विक्रेत्यांची ओळख पडताळणे संकेतस्थळांना बंधनकारक केले. भारतात २०२० च्या ई-व्यापार नियमांनी विक्रेत्याचे नाव-पत्ता ग्राहकाला उपलब्ध करून देण्यास सांगितले आहे. बाजारभावाच्या निम्म्या किमतीत, बिलाशिवाय मिळणारा नवा माल घेणाऱ्याकडे वॉरंटी राहत नाही, आणि तो जप्त झाला तर पैसेही जातात.

पुरावा, विमा आणि मालखाना

कॅमेरा बसवला म्हणजे पुरावा मिळाला, असे नव्हे. बहुतेक दुकानांतील यंत्रे काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी जुन्या चित्रणावर नवे चित्रण घेतात. अनेक यंत्रांतील घड्याळ चुकलेले असते आणि उलटतपासणीत तेवढी एक चूक पुरते. चित्रणाची प्रत न्यायालयात टिकण्यासाठी प्रमाणपत्र लागते. जालना विधानसभा मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीवरून अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांचे चित्रण हाच त्यातील वादाचा मुद्दा होता. मूळ यंत्र हजर केले नसेल तर असे प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असा निर्णय १४ जुलै २०२० रोजी झाला. आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये त्याचा नमुना दोन भागांत दिला आहे. एक भाग यंत्र सांभाळणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. चोरी उघडकीस आली त्याच दिवशी चित्रण वेगळे काढून ठेवणारा दुकानदार निम्मी लढाई जिंकतो.

विम्याबाबत अनेकांचा भ्रमनिरास होतो. घरफोडी विम्याचा लाभ मिळण्यासाठी चोरीआधी बळाचा किंवा हिंसेचा वापर झालेला असावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये हरचंद राय चंदन लाल प्रकरणात पॉलिसीच्या शब्दांच्या आधारे सांगितले. ग्राहक म्हणून उघड्या दारातून आलेला चोर त्यात बसत नाही. सराफांच्या 'ज्वेलर्स ब्लॉक' पॉलिसीतही नोकर, दलाल किंवा ग्राहक यांच्याकडे सोपवलेल्या मालाबाबत त्यांनीच केलेली अफरातफर वगळलेली असते. जांगडीने दिलेला खडा गेला तर नेमका हाच अपवाद आडवा येतो. पॉलिसी घेतानाच हे कलम वाचून, लागेल तेथे नोकरांच्या अप्रामाणिकपणासाठीचा वेगळा विमा घ्यावा लागतो.

आणि माल सापडला तर? तो पोलिसांच्या मालखान्यात जातो. हंगामी कपड्यांची किंवा मोबाइलची किंमत खटला संपेपर्यंत उरत नाही, याच भीतीने तक्रारी दाबल्या जातात. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात २००२ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते की पंचनामा, छायाचित्रे आणि बंधपत्र घेऊन माल मालकाला लवकर परत द्यावा आणि तो पंधरा दिवस ते एक महिन्यापेक्षा अधिक काळ ठाण्यात ठेवू नये. नागरिक सुरक्षा संहितेने त्यात मुदती घातल्या. जप्त मालाची यादी न्यायालयाने १४ दिवसांत करावी, त्याचे छायाचित्रण किंवा ध्वनिचित्रमुद्रण व्हावे आणि त्यानंतर ३० दिवसांत मालाबाबत आदेश द्यावा, असे कलम ४९७ म्हणते. झडती आणि जप्तीचेही ध्वनिचित्रमुद्रण कलम १०५ नुसार आवश्यक झाले आहे.

माल परत मिळवण्यासाठी न्यायालयात अर्ज मालकाला करावा लागतो. सोबत खरेदीचे बिल, साठ्याची नोंद आणि दागिना असेल तर त्याचा एचयूआयडी जोडावा लागतो. माल परत आल्यावर, आधी नोकराच्या पगारातून कापलेली रक्कम त्याला परत करणेही मालकाकडे उरते.